डावीकडची पाचवी खाच

एक

मेलेल्या माणसाच्या गाडीत कोणीतरी काठोकाठ पेट्रोल भरून ठेवलं होतं.

रोना बेर्डने टाकीचं झाकण लावलं आणि पुन्हा उघडून पाहिलं. पेट्रोल गळ्यापर्यंत आलेलं होतं. नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी सकाळी तिचे वडील लॅकलन बेर्ड याच क्वाडवर, चार जाड चाकांच्या शेतगाडीवर, मांड टाकून, मागे फवारणीचं पिंप बांधून, टेकडीवरचं गॉर्सचं काटेरी रान मारायला गेले होते. उतारावर क्वाड उलटली. वडील परत आले नाहीत, गाडी आली. तेव्हापासून सहा महिने ती लोकर कातरायच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. आता मे लागला होता, या दक्षिणेकडच्या देशात हिवाळा तोंडावर आला होता, कुंपणाच्या तारांवर सकाळी दहिवर गोठत होतं, आणि सोमवारी गाडी न्यायला गिऱ्हाईक येणार होतं.

गाडी नुसती भरलेली नव्हती, धुतलेलीही होती. वडिलांनी उभ्या जन्मात क्वाड धुतली नव्हती. "चिखल आहे म्हणून तर पत्रे एकमेकांना धरून आहेत," असं ते म्हणत.

स्वयंपाकघरात एल्स्पेथ आत्या गरम स्कोन, छोटे गोल पाव, एका खोलगट बशीत रचत होती. बशी शेतावर कामाला असलेल्या हिने नावाच्या बाईची होती. तिने त्यातून भाजलेली रताळी पाठवली होती. या खोऱ्यात बशी रिकामी परत जात नाही.

"आत्या, क्वाड कोणी धुतली?"

"मला काय माहीत? मी त्या शेडमध्ये पाऊल ठेवलेलं नाही." आत्याने हात पुसले आणि खणातून एक तपकिरी पाकीट काढलं. "विकायच्या आधी हे वाचून घे. इतके दिवस तुला दाखवलं नाही."

तो तपासणीचा अहवाल होता. अपघातानंतर अकराव्या दिवशी शहरातून एक निरीक्षक आला होता आणि अर्धा तास थांबून गेला होता. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं: मागच्या स्प्रिंगा असमान. डावी पाचव्या खाचेवर, उजवी तिसऱ्या. वाहन कलण्यास हे कारण असू शकते.

रोनाला यातलं अक्षर न् अक्षर कळत होतं. ती दहा वर्षांची असताना वडिलांनी तिला क्वाडखाली उताणं झोपवून शिकवलं होतं. मागच्या दोन चाकांना दोन स्प्रिंगा, प्रत्येकीच्या पायथ्याशी एक लोखंडी कडं, कड्याला पाच खाचा. कडं फिरवून वर चढवलं की स्प्रिंग दाबली जाते आणि गाडी कडक होते. मागे ओझं असेल तर चढवायचं, नसेल तर उतरवायचं. पण दोन्हीकडे सारखं. "नाहीतर एका पायात बूट आणि एका पायात मोजा," वडील म्हणायचे.

त्या गुरुवारच्या दोनच दिवस आधी इनिस गॉल्ट यांनी गाडीची दुरुस्ती केली होती. खोऱ्यातले एकुलते मेकॅनिक, वडिलांचे पन्नास वर्षांचे दोस्त. रोना त्यांना लहानपणापासून इनिसकाका म्हणायची. पण अंत्यविधीच्या दिवशी, दुरुस्तीत काहीतरी राहिलं होतं एवढीच कुजबुज कानावर आलेली असताना, त्यांनी हात पुढे केला तेव्हा ती "मिस्टर गॉल्ट" एवढंच म्हणाली होती आणि तिचे हात खिशातच राहिले होते.

"शनिवारी त्याच्या हत्यारांची विक्री आहे," आत्या म्हणाली. "वर्कशॉप बंद करतोय तो. मग एक नट पिळायलासुद्धा तास-दीड तास गाडी हाकत जावं लागणार सगळ्यांना."

आज गुरुवार होता. रोना टॉर्च घेऊन पुन्हा शेडमध्ये गेली आणि गाडीखाली उताणी झोपली. डावं कडं खरंच पाचव्या खाचेवर होतं. आणि त्याच्या कडेवर चार ताजे, चमकते ओरखडे होते. कोणीतरी ते कडं छिन्नीने ठोकून फिरवलं होतं.

इनिस गॉल्ट स्प्रिंगच्या कड्याला छिन्नी लावतील, यापेक्षा पाद्रीबुवा बायबलने खिळा ठोकतील हे तिला जास्त खरं वाटलं असतं.

दोन

वर्कशॉपमध्ये लाकडी फळ्या मांडून हत्यारं ओळीने ठेवली होती. प्रत्येकाला दोऱ्याने नंबर बांधला होता. मागच्या भिंतीवर फक्त त्यांच्या आकृत्या उरल्या होत्या. कोणतं हत्यार कुठे टांगायचं ते कळावं म्हणून इनिसनी चाळीस वर्षांपूर्वी पांढऱ्या रंगाने काढलेल्या.

"रोना," ते म्हणाले. नेहमीसारखं पोरी म्हणाले नाहीत. तिने ते टिपलं.

"दोन्ही स्प्रिंगा तुम्ही कितव्या खाचेवर ठेवल्या होत्या?"

त्यांनी उत्तराआधी चष्मा काढून पुसला. "तीन. दोन्ही तीन. त्या निरीक्षकाने फोनवर विचारलं तेव्हाही हेच सांगितलं. तो म्हणाला, डावी पाचवर होती." चष्मा परत लावला. "डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे माझ्या. तेव्हाही होता. एल्स्पेथला सोडून कोणाला बोललो नव्हतो."

"म्हणजे तुम्हाला वाटतं तुमचीच चूक?"

"मी तीन मोजले असं मला वाटतं. पण मला काय वाटतं याला आता काय किंमत?"

"कसे मोजता तुम्ही?"

हा प्रश्न त्यांना अपेक्षित नव्हता. उजवा हात आपोआप वर आला, तर्जनी हवेत एका नसलेल्या कड्यावरून फिरली. "बोटाने. डोळ्याने कधीच नाही. चाकाच्या मागे दिसतं कुठे? पाना लावायचा, फिरवायचा, टक वाजलं की बोटाने चाचपायचं."

"मग मोतीबिंदूचा काय संबंध?"

त्यांनी बोट खाली घेतलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

रोनाने फळीवरचा एक पाना उचलला. टोकाला आकडी होती, तिच्यावर जुनं चामडं गुंडाळलेलं. नंबर चौदा. "याने ओरखडे उठतात?"

"चामडं कशाला लावलंय मग?"

"डाव्या कड्यावर छिन्नीचे चार ओरखडे आहेत."

इनिस हळूच स्टुलावर बसले. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळल्यासारखं झालं आणि लगेच विझलं. "जाऊ दे ते," ते म्हणाले. "मी नसेन तर दुसरा कोणीतरी असेल. इथलाच. छिन्नी काही आभाळातून पडत नाही. मी सत्तर वर्षांचा आहे, माझ्यावर खपून जाईल. दुसऱ्या कोणाचं आयुष्य कशाला नासवतेस?"

"पाना घेऊन जाऊ? उसना?"

"ने. शनिवारी दहाच्या आत आण. गिऱ्हाईक सांगून ठेवलंय त्याला."

तीन

हिने कोंडवाड्यात होती. अरुंद बोळातून मेंढ्या एकामागून एक येत होत्या आणि ती लाकडी झडप इकडून तिकडे आपटत गाभण वेगळ्या, भाकड वेगळ्या करत होती. लॅकलनकडे अकरा वर्षं काम केलेली, चाळिशीची, आवाज असा की कुत्र्यांना सुट्टी द्यावी.

"बाजूला हो जरा. त्या काळतोंडीला तुझे गुडघे आवडलेत."

"हिने, तुझी छिन्नी कुठे असते?"

"शेडमधल्या खिळ्यावर. का? पोलिसात भरती झालीस?"

"कोण वापरतं ती?"

"मी. पाना म्हणून, पेचकस म्हणून, चीज कापायला. गेल्या वर्षी एका मेंढीच्या खुरातला दगडही..." झडप आपटली. "तू मला संशयित धरलंयस वाटतं. थांब, केस नीट करते."

"त्या सकाळी गाडीवर पिंप कोणी चढवलं?"

हिनेने झडप अडकवून टाकली. मेंढ्या बोळातच थांबून राहिल्या. "मी," ती म्हणाली. "ऐंशी लिटर. निळा रंगही मीच घातला, कुठलं झुडूप मारलं ते कळायला. बघ." तिने हातमोजा पुढे केला. अंगठ्यावर निळा डाग होता. "सहा महिने झाले. साबण, रॉकेल, शिव्या, सगळं करून पाहिलं. ओलं असेपर्यंतच काय ते निघतं. वाळलं की मेल्यावरही साथ सोडत नाही."

"गाडी निघाली तेव्हा कललेली होती?"

"नाही."

"इतकी खात्री?"

"त्या पिंपाचं झाकण गळकं होतं. गाडी जरा कलली की बाजूने निळा ओघळ लागायचा. लॅक फाटकातून बाहेर पडला तेव्हा मी मागून बघत होते. एक थेंब सांडला नाही." ती थांबली. "नेहमी बघायचे मी. कशाला ते विचारू नकोस."

रोनाने विचारलं नाही. "छिन्नी बघू शकते?"

दोघी शेडमध्ये आल्या. छिन्नी खिळ्यावरच होती. मूठ कळकट आणि फुटकी, पण पातं मात्र आरशासारखं चकचकीत.

"हे बघ, हे मला आजवर कळलेलं नाही," हिने म्हणाली. "जन्मात मी तिला धार लावली नाही. अंत्यविधीच्या आठवड्यात बघते तर या पात्याने दाढी करता येईल. मला वाटलं, म्हाताऱ्याने जाता जाता लावून ठेवली असेल."

"त्या सकाळी बोथट होती?"

"त्या सकाळी याच छिन्नीने मी रंगाचा डबा उघडला. लोण्यातसुद्धा शिरली नसती."

म्हणजे छिन्नीला धार लागली तेव्हा वडील नव्हते. गाडी फाटकातून सरळ निघाली होती. मग ती वाकडी कधी झाली?

चार

हिने मेंढ्यांकडे परत गेली. रोना पुन्हा गाडीखाली झोपली. या वेळी ती ओरखडे शोधत नव्हती, निळा रंग शोधत होती.

गाडी उलटली तेव्हा पिंप फुटलं होतं. वरवरचं सगळं धुणाऱ्याने घासून काढलं होतं, पण चाकाच्या मागे ब्रश पोचला नव्हता. उजव्या स्प्रिंगवरून एक बारीक निळा ओघळ खाली आला होता. स्प्रिंगवरून कड्यावर, कड्यावरून खालच्या नळीवर, न तुटता, नकाशातल्या नदीसारखा.

ती सरकत डावीकडे आली. इथेही ओघळ होता. स्प्रिंगच्या शेवटच्या वेढ्यापर्यंत आणि तिथून एकदम गायब. कड्यावर त्याच्या खाली काहीच नव्हतं. नळीवर मात्र तो पुन्हा सुरू होत होता. मधला तुकडा गेला कुठे?

तिने आतल्या अंगाला टॉर्च धरला. मधला तुकडा कड्यावरच होता, पण वळून दुसऱ्या बाजूला गेलेला.

तिने आकडी पाना कड्यात अडकवला आणि खालच्या दिशेने जोर लावला. टक. चौथी खाच. निळा तुकडा वळणावरून पुढे आला. टक. तिसरी. वरचा ओघळ, मधला तुकडा, खालचा ओघळ, तिन्ही एका रेषेत येऊन मिळाले.

ती तशीच उताणी पडून राहिली. रंग सांडला तेव्हा डावं कडं तिसऱ्या खाचेवर होतं. उजवंही तिसऱ्या. इनिसनी सांगितलं तसंच. कोणीतरी डावं कडं दोन खाचा चढवलं होतं, पण गाडी उलटल्यावर, रंग वाळल्यावर. आणि निरीक्षक येण्याआधी.

स्वयंपाकघराच्या दारातूनच तिने विचारलं, "आत्या, टेकडीवरून क्वाड खाली कोणी आणली?"

"स्ट्रुअन पेट्रीने, दुसरं कोण? कॉन्स्टेबल म्हणाला घेऊन जा, तर तो आपल्याकडे घेऊन गेला. शनिवारी आणून शेडमध्ये लावली."

स्ट्रुअन, पलीकडच्या कुंपणाचा शेजारी, पन्नाशीचा, एकटा. शब्द मोजून देणारा. धुतलेली गाडी. भरलेली टाकी. धार लावलेली छिन्नी. वडील म्हणायचे, "स्ट्रुअनला गाय उसनी द्या, गाभण करून परत आणील." रोनाला हसू आलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा आलं आणि तिचं तिलाच ते नवखं वाटलं.

ते फार टिकलं नाही. धुणं समजत होतं. पेट्रोल समजत होतं. पण स्प्रिंगला हात कशाला लावायचा? टेकडीवर वडिलांजवळ सगळ्यात आधी पोचलेला माणूसही स्ट्रुअनच होता.

पाच

शुक्रवारी दुपारी तो कुंपणाची तार ताणत होता. वडिलांचा कुत्रा मॉस त्याच्या बुटांवर हनुवटी टेकून पडला होता. अपघातानंतर तो आपण होऊन इथे राहायला आला होता. रोनाला पाहून त्याने शेपटी दोनदा आपटली.

"क्वाड तू धुतलीस," ती म्हणाली.

"हो."

"पेट्रोल?"

"अर्धी टाकी होती. अर्धी भरलेली गाडी कोणी परत देतं का?"

"छिन्नी?"

"पातं दुमडलं होतं. माझ्याच हातून." त्याने तारेला एक पीळ दिला. "पाना सापडला नाही, म्हणून तुमच्या शेडमधली ती नेली होती."

"कशासाठी, स्ट्रुअन?"

"डाव्या चाकाचा दांडा खडकावर आपटून वाकला होता. गाडी डाव्या अंगावर बसलेली. दांडा सरळ करणं मला जमत नाही. ते इनिसचं काम. म्हणून कडं दोन खाचा चढवलं. मग सरळ उभी राहिली."

"पण ती चालवणार कोण होतं?"

"कोणी नाही." दुसरा पीळ. "लॅकची गाडी घरी वाकडी कशी आणून ठेवायची? एल्स्पेथने बघितली असती."

रोना कुंपणाच्या खांबाला टेकली. मग तिने त्याला सगळं सांगितलं. अहवाल, पाच आणि तीन, फोन, बांधलेले नंबर. ती सांगत गेली तसा स्ट्रुअनचा चेहरा आधी लाल आणि मग राखेसारखा झाला. हातातली पकड गवतात पडली.

"मी ऐकलं, डोळे गेले म्हणून इनिस वर्कशॉप बंद करतोय," तो म्हणाला.

"त्यांना विचारलं नाहीस?"

"माणसाला त्याच्या डोळ्यांबद्दल कोण विचारतं?"

हे खरं होतं. इथे कोणीच कोणाला काही विचारत नसे. बशी भरून पाठवायची, गाडी धुऊन पाठवायची, आणि आपापल्या कुंपणाच्या आत गप्प बसायचं. तिने तरी कोणाला काय विचारलं होतं? तिने फक्त हात खिशात ठेवले होते.

"मी आता विचारते," ती म्हणाली. "तू तिथे आधी पोचलास. काय झालं होतं?"

एवढं बोलायची त्याला सवय नव्हती. तो थांबत थांबत बोलला. "चाकांची खूण उतारावर आडवी येत होती, अगदी सरळ. कुठे घसरलेली नाही, कललेली नाही. मग सशांचं बीळ, गवताने झाकलेलं. खालचं चाक आत गेलं. पिंप अर्धं होतं, पाणी एकदम एका बाजूला आलं असणार." त्याने टोपी काढली. "लगेच गेला होता तो. वाट बघावी लागली नाही त्याला. मॉस त्याच्या हाताशी बसला होता."

वारा तारेतून वाजत होता. रोनाने मान हलवली. बोलता येईपर्यंत हलवतच राहिली. "हे कॉन्स्टेबलला सांगितलंस?"

"तो म्हणाला किती वाजता पोचलास. तेवढं सांगितलं."

सहा

शनिवारी दहाला वर्कशॉपपुढे पंधरा-वीस गाड्या उभ्या होत्या. लोक हत्यारं उचलून बघत होते आणि इनिसकडे बघणं टाळत होते. ते दाराजवळ इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते.

स्ट्रुअनने ट्रेलर मागे घेत घेत थेट दारात आणला. ट्रेलरवर क्वाड होती. डाव्या अंगावर बसलेली, वाकडी.

रोनाने फार शब्द वापरले नाहीत. निळा ओघळ दाखवला, तो कसा तुटला होता आणि कसा जुळला ते सांगितलं. छिन्नी दाखवली. मग ती बाजूला झाली आणि स्ट्रुअन पेट्री पुढे आला. खोऱ्यात त्याला सलग चार वाक्यं बोलताना कोणी ऐकलं नव्हतं.

"कडं मी चढवलं. लॅक गेल्यावर. गाडी वाकडी दिसू नये म्हणून." तो इनिसकडे वळला. "इनिस, मला माहीत असतं तर मी पहिल्याच दिवशी आलो असतो."

इनिसनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या, ट्रेलरजवळ गुडघे टेकले आणि डोळे मिटून उजव्या चाकामागे हात घातला. बोट फिरत गेलं.

"तीन," ते म्हणाले.

मग डावीकडे आले. या वेळी जास्त वेळ लागला. त्या शांततेत हिनेच्या खिशातल्या किल्ल्यांचा आवाजही ऐकू आला.

"तीन," इनिस म्हणाले, आणि हात बाहेर न काढता कपाळ चाकाला टेकवून तसेच थांबले.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी जवळ गेलं नाही. ते इथल्या लोकांचं काम नव्हे. हिनेने तेवढं फळीवरची मोठी हातोडी उचलली, तिचा नंबर दातांनी तोडून खिशात घातला आणि भिंतीवरच्या हातोडीच्या पांढऱ्या आकृतीवर ती अडकवली. "फुकट चक्कर पडली," ती म्हणाली. "मी लिलावात भांडायची तयारी करून आले होते." तिच्या मागोमाग एका म्हाताऱ्याने करवत टांगली. मग दुसऱ्याने सांडशी. थोड्या वेळात फळ्या रिकाम्या झाल्या आणि भिंत भरली. एक आकृती तेवढी उरली.

रोनाने पिशवीतून आकडी पाना काढला. टोकावरचं जुनं चामडं काढून तिने रात्री नवं शिवलं होतं. मेणाचा दोरा, वडिलांच्या खोगीर शिवायच्या सुईने.

"उसना होता," ती म्हणाली. "इनिसकाका, अंत्यविधीच्या दिवशी..."

"ठाऊक आहे, पोरी." त्यांनी चामड्यावरून अंगठा फिरवला. "टाके जवळजवळ घातलेस. लॅक लांब घालायचा, आळशी." मग ते गाडीकडे वळले. "दांडा बदलावा लागेल. सोमवारपर्यंत होईल. ऑगस्टात एल्स्पेथ मला डोळ्याच्या ऑपरेशनला घेऊन जाणार म्हणते, तोवर बारीक कामं जरा हळू होतील."

"सोमवारी गिऱ्हाईक येणार होतं," रोना म्हणाली. "त्याला नको म्हणून कळवते. वसंतात गॉर्स पुन्हा फुटेल. अर्धी टेकडी राहिली आहे."

"तू फवारणार?"

"आधी बिळं बुजवणार."

इनिसनी मान डोलावली. क्वाडभोवती एक फेरी मारली, चकचकीत पत्र्यावरून हात फिरवला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"पण मला एक सांगा," ते म्हणाले. "हिचा चिखल कुठे गेला सगळा?"

स्ट्रुअन पेट्री आपल्या बुटांकडे बघू लागला.